नाय, मेलंय

सासूबाई अंगणात आणि त्यांचा धाकटा भाऊ नाक्यावर, अशी आमच्या घरची फाळणी झाली. तिला मी आणि सुशांत सारखेच जबाबदार आहोत. सुशांतला विचाराल तर तो माझंच नाव आधी घेईल, म्हणून मीच सांगून टाकते.

‘अंगण’ आणि ‘नाका’ ही दोन मराठी ॲप्स. दोन्हींची ऑफिसं अंधेरीत, दोघांच्या मध्ये चहाची एक टपरी. मराठी माणसाला आपल्या माणसांशी बोलायला आपली जागा हवी, असं दोघांचंही म्हणणं. ती जागा आमचीच, हेही दोघांचं म्हणणं. ‘अंगण’ने सकाळी आपोआप उगवणारं जास्वंदीचं फूल आणलं, तर आठवड्याच्या आत नाक्यावर कमळ उगवलं. नाक्याने आवाजी निरोप आणले, अंगणाने ते दुप्पट लांब केले. मी अंगणासाठी घरून काम करते, म्हणजे पोरगी झोपली की करते. सुशांत नाक्यावर पूर्णवेळ आहे. तो माझ्या नवऱ्याचा, मुकुलचा मामेभाऊ. दहिसरला वडिलांबरोबर राहतो. आम्ही भांडुपला.

माझं काम शब्दांचं. ॲपला मराठी कळावं म्हणून मी एकेक शब्द उचलते आणि खणात टाकते. हा प्रेमाचा, हा शिवीचा, हा जाहिरातीचा, हा जिवाला धोका असल्याचा. पोरगी आठ महिन्यांची आहे. तिची झोप चाळीस मिनिटांची, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं तिला माझं बोट मुठीत लागतं. त्यामुळे माझे बरेचसे शब्द डाव्या हाताने खणांत पडलेत. चुकांचं खापर मी तिच्यावर फोडणार नाही. ती मूठ इतकी गरम आणि घट्ट असते की त्या दहा मिनिटांत मी कुठलाही शब्द प्रेमाच्याच खणात टाकला असता. टाकला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

माझं माहेर साताऱ्याकडचं. ‘मेल्या’ हा शब्द आमच्याकडेही आहे, पण तो भांडणात काढायचा. सासर मालवणी. इथे तो स्वल्पविरामासारखा वापरतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई मुकुलला म्हणाल्या, “जेवूक ये रे मेल्या, ताट वाढलंय,” आणि मी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. वाटलं, माझ्यामुळे मायलेकांत काहीतरी बिनसलं. मुकुल मात्र आरामात जेवायला बसला. आता तर आई, म्हणजे सासूबाईच, माझ्या पोरीला मांडीवर घेऊन “खंय मेललंस गो माझ्या चेडवा इतको वेळ?” असं विचारतात आणि पोरगी खिदळते. चेडू म्हणजे मुलगी. तिचं खरं नाव बारशाच्या दिवसानंतर घरात कुणी घेतलेलं नाही.

हे सगळं रोज कानावर पडत असूनही, यादी करायला बसले तेव्हा मी साताऱ्याची झाले. ‘मेल्या’ टाकला शिवीच्या खणात. ‘मेलो’, ‘मेले’, ‘मेलंय’ हे टाकले जिवाला धोका असलेल्या खणात. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

तर, फाळणी. दोन्ही कंपन्यांनी एकाच महिन्यात आपापल्या माणसांना सांगितलं, आधी घरचे आणा. मी आईंना अंगणात आणलं. त्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून जुनं ॲप त्यातल्या समया, गुलाब आणि सुविचारांसकट काढून टाकलं. त्याच रविवारी दहिसरला सुशांतने आपल्या वडिलांना, चंद्रप्रकाशमामांना, नाक्यावर बसवलं, आणि जागा नव्हती म्हणून जुनं ॲप काढून टाकलं. एकमेकांना विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. स्पर्धा होती ना.

सोमवारी सकाळी सात वाजता कळलं, आम्ही काय काढून टाकलं ते.

मामांचे कान तरुणपणी मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात गेले. समोर बसलात आणि उजव्या कानाशी बोललात तर ऐकू येतं. फोनवर ते फक्त “काय? काय?” करतात आणि शेवटी “बरा, बरा” म्हणून ठेवून देतात. त्यामुळे बहीण-भावाचं सगळं लिहून. रोज सकाळी सातला मामा लिहायचे, “उठलंस काय गो?”

आई लिहायच्या, “नाय, मेलंय.” म्हणजे, नाही, मेले मी.

“बरा झाला. बाराव्याक जेवाण काय?”

मग आई त्या दिवशी घरात जे शिजणार असेल ते लिहायच्या. काळ्या वाटाण्यांची आमटी, आंबोळ्या, जे काय असेल ते. हे बारा वर्षं चाललेलं. मामी गेल्या तेव्हापासून.

आता आई अंगणात आणि मामा नाक्यावर. अंगणातून नाक्यावर निरोप जात नाही. दोन्ही कंपन्यांना त्याचा अभिमान आहे.

“सोपं आहे आत्या, तुम्ही पण नाक्यावर या,” सुशांत म्हणाला. म्हणजे फोनवरून, स्पीकरवर.

“नाक्यार कोण बसता रे? कामधंदो नसलेली माणसां. मी थंय येवचंय नाय.”

मागून मामांचा आवाज आला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, अख्ख्या चाळीला पुरणारा. “काय म्हणता ती?”

सुशांतने त्यांच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं.

“मगे मी तिच्या अंगणात कशाक जाव? सारवूक?”

झालं. दोघांचीही नाकं वर. अकरा दिवस कोणी हललं नाही. सकाळी सातला आईंच्या फोनवर जास्वंद उगवायची. त्या तिच्याकडे बघायच्या. “फुलाक काय विचारू? उठलंस काय म्हणान?” मग त्या दिवसाचा स्वयंपाक माझ्या पोरीला सांगायच्या. “आज कुळथाची पिठी हा, चेडवा. आयकलंस?” पोरगी त्यांच्या नाकाला हात लावायची. तिला जेवणात अजून रस नाही.

एकदा अंगणाने त्यांना प्रश्न विचारला, ‘तुम्हाला इथे आणखी काय आवडेल?’ खाली चार चौकोन होते, गाणी, पाककृती, खेळ, बक्षिसं. आईंनी चारही दाबले आणि माझ्याकडे बघितलं.

“आता चंदू येतलो?”

मी पोरीचं दुपटं बदलायला घेतलं. स्वच्छ होतं ते.

बाराव्या दिवशी, बरोबर बाराव्याच दिवशी, मामा आले. सुशांतने मला वैतागून कळवलं, “वहिनी, बाबांनी माझ्याच हातून तुमचं अंगण डाउनलोड करून घेतलं. माझ्याच हातून, यार! ऑफिसात सांगू नका.” मी त्याला जास्वंदीचं फूल पाठवलं.

पुढच्या सकाळी सातला मी पोरीला पाजत होते. आई पलीकडे खुर्चीत. फोन वाजला आणि त्यांनी चष्मा लावायच्या आधीच हसायला सुरुवात केली. “उठलंस काय गो?” एका बोटाने, सावकाश, त्यांनी लिहिलं, “नाय, मेलंय.”

आणि पडदा निळा झाला.

‘रुक्मिणी, तुम्ही एकट्या नाही आहात. डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या.’

“ह्यो कोण?” आई म्हणाल्या.

“ॲप आहे ते आई. काळजी घेतंय.”

“तेका सांग, श्वास मी सत्तर वर्सां घेतंय.”

मला हसू आलं. तेव्हाच तो शब्द खणातून काढायला हवा होता. दुपारी पोरगी झोपली की काढू, असं ठरवलं. पण तिचा वरचा दात येत होता, ती झोपलीच नाही, आणि संध्याकाळी माझ्या डोक्यात शब्द म्हणून एकच उरला होता, तो म्हणजे अंगाई. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच निळा पडदा. ‘कोणाशी बोलायचं आहे का?’

“चंदूशीच बोलतंय मां! तू मधी कशाक?” आई फोनला म्हणाल्या. दातही अजून पूर्ण बाहेर आला नव्हता, म्हणून शब्दही त्याच खणात होता.

तिसऱ्या सकाळी त्यांचा संयम सुटला. निळ्या पडद्याखाली उत्तर लिहायची जागा होती, तिथे त्यांनी लिहिलं, “गप ऱ्हव मेल्या.” म्हणजे आता शिवीचाही खण उघडला. अंगणाने त्यांना एका दिवसासाठी बंद केलं. आईंनी फोनचा आवाज बंद करून तो धान्याच्या डब्यावर पालथा घातला आणि साडेनऊच्या सुमारास पिशवी घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात मासे आणायला गेल्या. फोन नेला नाही. “ऱ्हवांदे तेका घरात. गप बसूक शिकांदे.”

दहिसरला काय घडलं ते मला नंतर कळलं. निळा पडदा बाजूला केल्यावरच निरोप पुढे जायचा, त्या दिवशी तो अडकूनच राहिला आणि मामांना उत्तर आलं नाही. साडेसातला त्यांनी लिहिलं, “मेलंस काय गो?”

आता अंगणाच्या बाजूने बघा. बाई तीन दिवस सांगतेय, मी मेले. मग तिचं खातं गप्प होतं. मग सख्खा भाऊ विचारतो, मेलीस का. दोन साक्षीदार. अंगणाने जे करायचं शिकवलं होतं तेच केलं. आईंच्या फोटोभोवती करडी चौकट आली आणि खाली एक वाक्य उमटलं, ‘रुक्मिणी परब यांचं अंगण आता शांत आहे. त्यांच्या आठवणी इथे जपल्या जातील.’

ते वाक्य माझं. मीच लिहिलं होतं, पोरगी दीड महिन्याची असताना. सगळ्यांनी त्याचं फार कौतुक केलं होतं.

पावणेअकराला दारावर धडाधड हात पडले. बेलची वायर आम्ही काढून ठेवलीय आणि माझा फोन पोरीच्या झोपेत गप्प असतो. पोरगी नुकती डोळे मिटत होती, ती दचकून रडायला लागली. तिला खांद्यावर घेऊन मी दार उघडलं.

मामा. घरातला शर्ट, एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्यात सुशांतची. दहिसरहून भांडुपपर्यंत रिक्षाने आलेले. एरवी खालच्या मजल्यापासून ज्यांचा आवाज येतो ते मामा इतकं हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं.

“कधी गेली गो?”

“आत्ताच,” मी म्हणाले. “तासभर झाला. येतीलच, तुम्ही आत या ना.”

पोरीच्या रडण्यात पहिला ‘आत्ताच’ तेवढा त्यांच्यापर्यंत पोचला असणार. ते चपलांच्या स्टँडवरच बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्यांना असं बसलेलं मी फक्त मामी गेल्या त्या वेळच्या एका फोटोत पाहिलंय. काहीतरी चुकलंय हे मला कळलं, पण काय ते कळेना. मी पाणी आणायला वळले तर त्यांनी माझ्या पोरीचा पाय धरला, इवलासा, आणि सोडेचनात.

तेवढ्यात जिन्यावरून आईंचा आवाज चढत वर आला. बांगडेवालीने कालचे बांगडे आजचे म्हणून कसे दाखवले आणि आईंनी ते कसे ओळखले, हे त्या शेजारच्या जयंतीबाईंना दोन मजले सांगत होत्या. मग दारात पोचल्या.

“अरे चंद्या! खंय मेललंस रे इतके दिवस?”

मामांनी मान वर केली. नुसते बघत राहिले. मग खिशातून फोन काढून त्यांच्यासमोर धरला.

“मी नाय,” ते म्हणाले, “तू मेलंस.”

आईंनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, शाळेतल्यासारखं, शब्द तोडत. रुक्मिणी. परब. यांचं. अंगण. आता. शांत. आहे.

“शांत?” जयंतीबाई अजून दारातच होत्या. “ह्या?”

“कोणी लिवला गो ह्या?” आईंनी मला विचारलं. “बरा लिवलाहा.”

“मी,” मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. शब्दांचे खण, डावा हात, साताऱ्याचं डोकं, सगळं. मामांच्या उजव्या कानाशी बसून पुन्हा एकदा सांगितलं. मला वाटलं, आता दोघं मिळून माझी खरडपट्टी काढतील. मामा म्हणाले, “मगे ‘आत्ताच गेली’ म्हणालंस ती?”

“बाजारात, मामा.”

“बाजारात,” ते म्हणाले आणि हसता हसता त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. आईंनी तिकडे बघितलं नाही. त्या बांगडे निवडायला बसल्या आणि बांगड्यांना म्हणाल्या, “फोन करूक काय झाला होता?”

“केलंय. चार वेळा. उचललान नाय कोणी.”

“उचलला असता तरी तुका काय आयकाक येणार होता, मेल्या?”

“म्हणान तर इलंय.”

बारशाला मामा आले होते, त्यानंतर आजच. भांडुप आणि दहिसर एकाच शहरात आहेत असं नकाशा म्हणतो. दोघंही सात महिने ‘येतंय, येतंय’ लिहीत होते, आणि रोज लिहिलं की गेल्यासारखंच वाटायचं.

दुपारी सुशांतचा फोन आला, घाबराघुबरा. “वहिनी, बाबा घरात नाहीत, शेजारी म्हणतायत—”

“इथे आहेत. बांगड्याचं तिखलं खातायत, दुसऱ्यांदा भात घेतलाय.”

पलीकडे मोठा श्वास. “वहिनी, एक घोळ झालाय. सकाळी बाबांनी तो फोटो मला पाठवला. मी मीटिंगमध्ये होतो. वाटलं, तुमच्या ॲपची गंमत आहे. मी... मी तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.”

“सुशांत.”

“बाबा इतके सिरीयसली घेतील असं नव्हतं ना वाटलं!”

तीन वाजेपर्यंत नाक्याची नवी जाहिरात आली, ‘नाक्यावर मेल्या म्हणा, बिनधास्त!’ चार वाजता माझ्या वरिष्ठ ॲश्लीचा व्हिडिओ कॉल. ॲश्ली मालाडच्या गावठाणातली, कधीच हळू बोलत नाही.

“प्रांजल, वाट लागली यार! अगं ‘मेल्या’ शिवीत कोणी टाकला? माझी मम्मी डॅडला दिवसातून दहादा मारते, तोंडाने. आमचं अख्खं गावठाण बंद पडेल!”

“मीच टाकला. आज रात्रीच्या आत काढते.”

“काढच. आणि सासूबाई आहेत का तिथे? दे जरा. हेच तर समजून घ्यायचंय ना, लोकांना हवंय काय.”

मी फोन आईंसमोर धरला. ॲश्लीने अगदी अदबीने माफी मागितली. मग वही उघडली. “आई, तुम्ही सांगा. अंगणात काय असलं तर तुम्ही परत याल? मोठी अक्षरं? भजनं? मालवणीतून सगळं?”

आई पोरीला मांडीवर घेऊन विचार करत बसल्या. ॲश्ली पेन धरून थांबली.

“माका काय नको गो बाय,” आई म्हणाल्या. “फक्त आमी बोलताना मधी मधी बोला नको.”

ॲश्लीने पेन खाली ठेवलं. “हे कसं बनवायचं?” ती मला म्हणाली. तिचा प्रश्न खरा होता.

निघताना मामांनी आपला फोन माझ्यापुढे केला. “दोनय काढ. तुझाय नि तेचाय.”

“मग लिहिणार कुठे?”

“बँकेचे निरोप येतत ना, थंय. थंय कोण बोलत नाय.”

साधा मेसेज. फोनबरोबरच आलेला, फूल न उगवणारा, ज्याला कोणाशी स्पर्धा करायची नाही म्हणून आम्ही सगळे विसरून गेलो होतो. मी दोघांच्या फोनमध्ये एकमेकांचं नाव सगळ्यात वर आणून दिलं. त्या रात्री अंगणाचे दोन आणि नाक्याचा एक असे वापरणारे कमी झाले. सुशांत म्हणाला, “वहिनी, तुमचे दोन गेले, माझा एकच. म्हणजे मी जिंकलो.” मी शब्द योग्य खणात हलवले. पोरीचा दात आला होता, ती झोपली होती.

मग सगळं सुरळीत झालं. रोज सातला वीजबिलाची आठवण आणि कुठल्याशा ऑफरच्या मध्ये मामांची ओळ यायची. आई उत्तर द्यायच्या. पंधरा दिवस असेच गेले असतील.

परवा बुधवारी आईंनी मला विचारलं, “ह्याच्यात मी वाचलंय की नाय, ता तेका कळता?”

“नाही आई. त्या निळ्या खुणा यात नसतात. तो एक तोटाच आहे बघा.”

“हां,” आई म्हणाल्या.

आज सकाळी सातला फोन वाजला. आईंनी चष्मा लावला, वाचलं, गालात हसल्या आणि फोन उशीखाली सरकवला. मी वाट बघितली. सव्वासात झाले, साडेसात झाले. त्या पोरीला तेल लावत होत्या, एकेक बोट मोजून.

“आई, उत्तर?”

“देतंय गो. घाई काय?”

आठला माझ्या फोनवर सुशांत. “वहिनी, आत्या बऱ्या आहेत ना?”

मी आईंकडे पाहिलं. त्या पोरीच्या पोटावर फुंकर मारत होत्या. “एकदम ठणठणीत,” मी म्हणाले.

“मी पण तेच सांगितलं बाबांना. तर म्हणाले, माका ठावक आसा, ती मेलली नाय, ती लबाड आसा. आणि चपला घालतायत. आज दोन्ही स्वतःच्या.”

मी फोन ठेवला. आईंनी पोरीला माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या,

“तांदूळ वायच जास्त घाल गो आज.”